तीन मशीन, दोन मॉनिटर, एक टेबल

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्याकडे कामाचं टेबल एकच. त्यावर दोन मॉनिटर, दोन्ही सत्तावीस इंची. एक फोर-के, दुसरा २५६० बाय १४४० चा. मशीन मात्र तीन : माझा ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, माझा स्वतःचा डेस्कटॉप आणि नवऱ्याच्या ऑफिसचं एम १ चिपचं मॅकबुक. डेस्कटॉपवर मी भाषांतराची आणि पुस्तकांची पानं लावायची खासगी कामं करते. दोन महिन्यांपूर्वी तीन कम्प्युटर आणि दोन मॉनिटर सांभाळणारा केव्हीएम स्विच आणला, म्हणजे कीबोर्ड, मॉनिटर आणि माऊस एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरवणारं खोकं. वाटलं, बटण दाबलं की मशीन बदललं, विषय संपला. पण तेव्हापासून फोर-के मॉनिटरवर माऊस चिखलातून चालल्यासारखा चालतो. मशीन बदलून परत आले की सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर ढीग करून बसलेल्या असतात. मॅकबुक हबमधून, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून, लावलं तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र. वायरलेस माऊस मधेच अडखळतो. आणि टेबलाखाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या वायरी. नवरा म्हणतो, आणखी भारी स्विच घेऊ. मी म्हणते, आणखी एक मॉनिटर घेऊ. कोण बरोबर?

– वायरींत अडकलेली

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात सगळं आहे, फक्त घड्याळ नाही. कोण किती वाजता टेबलाशी बसतं हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याकडे शेवटी येते. आधी तुमच्या तक्रारी, कारण त्या सगळ्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि एकीसाठीही नवा स्विच आणावा लागत नाही.

माऊसच्या चिखलापासून सुरुवात करू. डेस्कटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत जा, फोर-के मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट बघा. माझा अंदाज, तिथे ३० हर्ट्झ दिसेल. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलतंय. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, पण हातातल्या माऊसचा बाण मागे रेंगाळला की मेंदूला लगेच कळतं.

असं का होतं, त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. हे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, तर नुसत्या ठिपक्यांचेच जवळपास १२ गिगाबिट होतात. एचडीएमआय ही चित्र नेणारी जोडणी, आणि तुमच्या स्विचमध्ये बहुधा तिची जुनी १.४ ही आवृत्ती आहे. तिची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, आणि त्यातूनही चित्राच्या वाट्याला प्रत्यक्षात आठच्या आसपास येतात. बाराचं सामान आठच्या गाडीत बसत नाही. ३० हर्ट्झला तेच सामान सहावर येतं, ते आरामात बसतं. म्हणून कम्प्युटर काही न बोलता तिथे उतरतो. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० मध्ये १८ गिगाबिट जातात आणि प्रश्नच मिटतो. डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या जातीची जोडणी तर १.२ या आवृत्तीपासूनच फोर-के ६० हर्ट्झला चालवतो. तुमच्या स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोर-के लिहिलेलं असेल आणि ते खोटंही नसेल. ३० हा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. मीही एकदा मोठी अक्षरं वाचूनच असा स्विच घेतला होता. पहिले तीन दिवस मी माऊसलाच दोष देत होते, त्याचा सेलसुद्धा बदलून झाला.

आता विंडोंचा ढीग. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची. मी कोण, माझा पडदा केवढा, मला कोणकोणती रिझोल्यूशन झेपतात, एवढंच तिच्यात लिहिलेलं. मॉनिटर जोडलेला असेपर्यंत कम्प्युटरला ती वाचता येते. साधा केव्हीएम तुम्ही दुसऱ्या मशीनकडे फिरवलात की पहिल्याच्या दृष्टीने दोन्ही मॉनिटर कुणीतरी उपटून नेले. तो बिचारा सगळ्या विंडो गोळा करून उरलेल्या स्क्रीनवर ठेवतो. महागड्या स्विचमध्ये त्या चिठ्ठीची नक्कल ठेवलेली असते, म्हणजे मॉनिटर दुसरीकडे गेला तरी कम्प्युटरला तो जागेवरच वाटत राहतो. स्वस्तातल्यांमध्ये ही सोय बहुतेक नसते. विंडोज ११ मध्ये मॉनिटर परत जोडल्यावर विंडोंच्या जागा आठवून ठेवायची सेटिंग आहे, ती चालू करा. तिने बरंच काम होतं, सगळं होत नाही.

मॅकबुकचं दुखणं तिसऱ्याच जातीचं आहे आणि त्यात ना तुमचा दोष ना स्विचचा. साधी एम १ चिप, म्हणजे जिच्या नावापुढे प्रो किंवा मॅक्स नाही ती, लॅपटॉपमध्ये एकच बाहेरचा मॉनिटर चालवते. एम २ चंही तसंच. एम ३ वर दोन चालतात, पण झाकण मिटून. एम ४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. शिवाय एका यूएसबी-सी पोर्टातून दोन वेगवेगळी चित्रं काढायची जी युक्ती बहुतेक हब वापरतात, ती विंडोजवर चालते आणि मॅकवर चालत नाही. तिथे दोन्ही मॉनिटरना एकच चित्र मिळतं, तुम्हाला दिसतंय तसं. हब बदलून पाहू नका, पाचवा हब आणलात तरी तेच होईल. डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्राचे वेगळे अडॅप्टर मिळतात, त्यांनी दोन मॉनिटर चालतात. पण त्यासाठी मॅकवर सॉफ्टवेअर टाकावं लागतं, त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि मशीन ऑफिसचं आहे. त्यांच्या आयटी विभागाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मला विचाराल तर तुमच्या मिस्टरांना एक मॉनिटर आणि मॅकबुकची स्वतःची स्क्रीन पुरे आहे. १४४० वाल्या मॉनिटरवर मॅकची अक्षरं जरा जाडसर दिसतात अशी कुरकुर ते करतील. करू द्या. पानं लावायचं काम तुमचं आहे, फोर-केवर हक्क तुमचा.

अडखळणारा माऊस सगळ्यात सोपा. त्याची चिमुकली कळ, म्हणजे डोंगल, कुठे खोचली आहे ते बघा. निळ्या जिभेच्या यूएसबी ३ पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क किंवा हबची वायर, असं असेल तर कारण तेच. यूएसबी ३ च्या तारांमधून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो आणि वायरलेस माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात लावा, किंवा हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून माऊसच्या जवळ आणा. दोन मिनिटांचं काम.

एवढं सगळं सांगितल्यावर माझं खरं म्हणणं. चित्र स्विचमधून नेऊच नका. कीबोर्ड आणि माऊस न्या.

केव्हीएम ही कल्पना मुळात सर्व्हरच्या खोलीतली. तिथे कपाटभर मशीन, त्यांच्यापुढे एकच स्क्रीन, आणि कुणीतरी दिवसातून एकदा येऊन प्रत्येकाकडे डोकावून जाणार. तिथे तो चोख काम करतो. घरच्या टेबलावर गोष्ट वेगळी असते, कारण तुमच्या मॉनिटरमध्ये आधीच एक स्विच बसवलेला आहे. इनपुट नावाचा. मॉनिटरच्या मागे हात घालून, मोबाइलचा टॉर्च लावून पोर्ट मोजा. बहुतेक वेळा एक डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय निघतात, म्हणजे तीन मशीनची सोय तयार. प्रत्येक मशीनमधून प्रत्येक मॉनिटरला सरळ केबल न्यायची आणि मशीन बदलायचं तेव्हा मॉनिटरवर इनपुट बदलायचा.

केबल वाढतील असं वाटेल. मोजून बघा. आत्ता तीन मशीनमधून स्विचमध्ये दोन-दोन अशा सहा जातात आणि स्विचमधून मॉनिटरकडे दोन, एकूण आठ. नव्या मांडणीत डेस्कटॉपच्या दोन, ऑफिसच्या लॅपटॉपच्या दोन, मॅकबुकची एक. पाच झाल्या.

मांडणी अशी करा. डेस्कटॉपमधून दोन्ही मॉनिटरना डिस्प्लेपोर्ट. ऑफिसच्या लॅपटॉपमधून फोर-केला त्यातल्या त्यात जोरकस वाट द्या. लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट चित्र देणारा असेल तर तीच. असे सगळे पोर्ट चित्र देत नाहीत, काही नुसते चार्जिंगचे आणि फाइलींचे असतात. पोर्टाशेजारी बाणाचं टोक असलेली विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र नक्की. डी आणि पी एकात गुंफलेली खूण असेल तरी चित्र येतं. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा. लॅपटॉपचा एचडीएमआय दुसऱ्या मॉनिटरला जाऊ दे. मॅकबुक यूएसबी-सी ते एचडीएमआय अशा केबलने १४४० च्या मॉनिटरच्या उरलेल्या पोर्टात. इथे एक फसगत होते. डिस्प्लेपोर्टातून निघून एचडीएमआयमध्ये शिरणारी साधी केबल एकाच दिशेने चालते. एचडीएमआयमधून निघून डिस्प्लेपोर्टात शिरायचं तर त्यासाठी वेगळा, स्वतःची वीज घेणारा अडॅप्टर लागतो. दोन्ही केबल दिसायला जुळ्या बहिणी. उलटी लावली की पडदा काळा राहतो आणि आपण मॉनिटर बिघडला म्हणून बसतो.

मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट आपोआप शोधायची सोय बंद करा. ती चालू असली की एखादं मशीन झोपेतून जागं झालं रे झालं, मॉनिटर उडी मारून त्याच्याकडे पळतो. मेनूत डीप स्लीपसारखं काही दिसलं तर तेही बंद ठेवा. खोल झोपेत गेलेला मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवरचा, कम्प्युटरला उपटल्यासारखाच दिसतो आणि विंडोंचा ढीग परत येतो.

या पद्धतीची एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवते. दाखवत नसलेल्या इनपुटवरच्या कम्प्युटरलाही बहुतेक मॉनिटर आपण जोडलेले आहोत असंच कळवत राहतात. विंडो जागेवर राहतात त्या त्यामुळेच. पण तुम्ही डाव्या मॉनिटरवर ऑफिस आणि उजव्यावर डेस्कटॉप असं ठेवलंत, तर ऑफिसच्या लॅपटॉपला अजूनही उजवा मॉनिटर आपलाच वाटत असतो. नवी विंडो तिथे उघडते आणि तुम्हाला ती दिसतच नाही. माऊसचा बाणही तिकडे निघून जातो. अशा वेळी ती विंडो खालच्या पट्टीवरून निवडा आणि कीबोर्डवरचं विंडोजचं बटण, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाचं बटण एकत्र दाबा. ती उडी मारून दिसणाऱ्या स्क्रीनवर येते. बराच वेळ असंच काम करायचं असेल तर विंडोजचं बटण आणि पी दाबून त्या मशीनला एकच स्क्रीन वापरायला सांगा. हे दोन शॉर्टकट बोटांत बसायला मला आठवडा लागला. आता नकळत दाबले जातात.

राहिला कीबोर्ड-माऊस. त्यासाठी नुसता यूएसबी स्विच मिळतो, वायरीच्या टोकाला बटण असलेला. पण तोही आणू नका. तुमच्याकडचा केव्हीएम घ्या, त्याच्या सगळ्या व्हिडिओ केबल काढा, फक्त यूएसबीच्या राहू द्या. बहुतेक केव्हीएम असेही मुकाट काम करतात. कीबोर्डला आणि माऊसला यूएसबी २ ची ४८० मेगाबिटची वाटही ऐसपैस आहे, त्यामुळे जुना असला तरी काही बिघडत नाही. ज्या खोक्याने दोन महिने छळलं, तोच चित्र काढून घेतल्यावर गरीब गाय होतो.

एकाच वेळी तीन मशीनशी जोडी ठेवणारे ब्लूटूथ कीबोर्ड आणि माऊसही असतात, पोटाखालचं बटण दाबलं की पुढच्या मशीनकडे. छान असतात. पण कीबोर्डचं एक बटण, माऊसचं एक, आणि दोनातलं एक दाबायचं विसरणं हे ठरलेलंच. शिवाय डेस्कटॉप सुरू होतानाच्या पहिल्या पडद्यावर, विंडोज उठायच्या आधी, ब्लूटूथ कीबोर्ड सहसा ओळखला जात नाही. तो घेतलात तरी वायरचा एक कीबोर्ड खणात ठेवा.

दर वेळी दोन मॉनिटरच्या मागे बोटं घालून बटणं दाबायची का, असं तुम्ही विचाराल. बऱ्याच मॉनिटरच्या मेनूत एखाद्या बटणाला थेट इनपुट नेमून देता येतो, म्हणजे दोन मॉनिटरचे दोन दाब. याहून पुढे जायचं असेल तर डीडीसी नावाची सोय आहे : कम्प्युटर त्याच व्हिडिओ केबलमधून मॉनिटरला उजेड कमी कर, इनपुट बदल असे हुकूम देऊ शकतो. कीबोर्ड निघून गेला की मॉनिटर दुसऱ्या इनपुटवर ढकलायचे आणि परत आला की ओढून आणायचे, एवढंच करणारे मोफत प्रोग्राम आहेत. असा प्रोग्राम फक्त तुमच्या डेस्कटॉपवर टाका. ओढून आणायची बाजू मात्र मॉनिटरच्या स्वभावावर आहे; दाखवत नसलेल्या इनपुटवरून आलेला हुकूम काही मॉनिटर ऐकतात, काही ढिम्म हलत नाहीत.

डेस्कटॉपवरच टाका म्हटलं ते मुद्दाम. एकाच माऊसने बाण एका कम्प्युटरच्या कडेवरून थेट दुसऱ्यात नेणारे प्रोग्रामही आहेत. मायक्रोसॉफ्टचा माऊस विदाऊट बॉर्डर्स चार कम्प्युटरपर्यंत चालतो, ॲपलने २०२२ मध्ये युनिव्हर्सल कंट्रोल आणलं ते मॅक आणि आयपॅडमध्ये चालतं. मोहात पाडणारी सोय आहे. पण ती बाणाबरोबर कॉपी केलेला मजकूरही इकडून तिकडे नेते. तुमच्या खासगी कामातला परिच्छेद ऑफिसच्या मशीनवर किंवा ऑफिसचा मजकूर तुमच्या डेस्कटॉपवर, नकळत, एका पेस्टमध्ये. ऑफिसच्या नियमांत हे बसत नसेल तर उत्तर देताना तोंड लहान होतं. यूएसबी स्विच हे करूच शकत नाही. एवढ्या एका कारणासाठी मला तो आवडतो.

तो एक चूक मात्र थांबवू शकत नाही, ती म्हणजे आपली स्वतःची. एकदा एका खासगी कामाच्या माणसाला लिहिलेलं वाक्य मी ऑफिसच्या ग्रुपवर पाठवलं. स्विच दाबला होता, कीबोर्ड तिकडे गेला होता, मॉनिटर मात्र जुन्याच इनपुटवर होता आणि मी टाइप करताना पडद्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. वाक्य निरुपद्रवी होतं, पण पोटात गोळा आला तो आला. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसच्या मशीनचा वॉलपेपर विटकरी आहे आणि घरच्याचा गडद हिरवा. फोटो नाही, निसर्गदृश्य नाही, सपाट रंग. डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं आपण कुठे आहोत ते. तुम्ही तीन रंग ठरवा. आणि पासवर्ड टाकायच्या आधी एकदा माऊस हलवून बाण हलतो का ते बघायची सवय लावून घ्या.

आता बारीकसारीक. दोन मॉनिटर एकाच मापाचे पण ठिपके वेगळे, त्यामुळे विंडो इकडून तिकडे नेली की अक्षरं लहान-मोठी होत असतील. फोर-केवर इंचाला साधारण १६३ ठिपके आहेत, दुसऱ्यावर १०९, बरोब्बर दीडपट. फोर-केचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं मोठी करून दाखवायचं प्रमाण, १५० टक्के करा, दुसऱ्याचं १०० ठेवा, अक्षरं जवळपास एका उंचीची होतील. फोर-के तुमच्या नाकासमोर, दुसरा बाजूला थोडा तिरका. दोघांच्या मधली फट समोर घेऊन बसू नका, मान दिवसभर कुठल्या तरी बाजूला वळलेली राहते. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. मॉनिटर-आर्म लावायचा विचार असेल तर मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं चौकोनात आहेत का बघा, सहसा १०० बाय १०० मिलिमीटर. आणि टेबलाची फळी पोकळ नाही ना, ते ठोकून बघा.

स्पीकर असतील तर कम्प्युटरला लावू नका, मॉनिटरच्या हेडफोनच्या भोकात लावा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून आवाजही येतो, त्यामुळे चित्र ज्या मशीनचं, आवाज त्याचा. वेबकॅम आणि मीटिंगचा हेडसेट मात्र सरळ ऑफिसच्या लॅपटॉपलाच असू द्या, स्विचमधून नेऊ नका. मीटिंग चालू असताना चुकून बटण दाबलं गेलं तर तुमचा चेहरा आणि आवाज दोन्ही एकदम गायब होतील.

वीज. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला असेल तर आजच काढा. यूपीएस असेल तर त्यावर डेस्कटॉप, एक मॉनिटर आणि राउटर. लॅपटॉपना स्वतःची बॅटरी आहे, त्यांना तिथे जागा देऊ नका. राउटर बहुतेक जण विसरतात आणि मग वीज गेल्यावर चालू कम्प्युटरपुढे इंटरनेटविना बसून राहतात.

हे सगळं एखाद्या सुट्टीच्या दिवशी करा, पण एकदम सगळं उपसू नका. आधी डेस्कटॉप दोन्ही मॉनिटरना सरळ जोडा आणि ६० हर्ट्झ आले का बघा. मग लॅपटॉप. मॅकबुक शेवटी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीवर मशीनचं नाव लिहा. दोन्ही टोकांना. मी आधी फक्त कम्प्युटरच्या बाजूला लिहिलं होतं, जिथे केबल कुणाची हे तसंही दिसतंच. मॉनिटरच्या पाठीमागे अंधारात पाच सारख्याच काळ्या वायरी लोंबत राहिल्या.

भारी स्विच कधी घ्यावा? दिवसातून वीस-पंचवीस वेळा मशीन बदलत असाल आणि दर वेळी दोन्ही मॉनिटर एकदमच फिरवायचे असतील, तर. तेव्हा डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा निदान एचडीएमआय २.० आहे का, ईडीआयडीची नक्कल ठेवतो का आणि त्याला स्वतःचा वीजपुरवठा आहे का, या तीन गोष्टी बघून घ्या. पुढेमागे मॉनिटरच बदलायचा झाला तर आतच केव्हीएम असलेले मॉनिटर येतात. लॅपटॉपला यूएसबी-सीची एक केबल, तिच्यातूनच चित्र, चार्जिंग आणि कीबोर्ड. फक्त तो मॉनिटर किती वॅट देतो ते लॅपटॉपच्या चार्जरशी ताडून घ्या, नाहीतर दिवसभर जोडलेला असूनही संध्याकाळी बॅटरी खाली आलेली दिसेल.

आणि आता घड्याळ. एक कागद घ्या, त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंतचे तास लिहा आणि टेबलावर टाचून ठेवा. आठवडाभर. मशीन बदललं की तुम्ही एक रेघ मारायची. मिस्टर त्या टेबलाशी बसले, किंवा बसायचं होतं पण जागा नव्हती, की त्यांनी फुली मारायची. दुसरी खूण जास्त महत्त्वाची आहे, ती मारायला ते टाळाटाळ करतील. मी असा कागद ठेवला तेव्हा मी दिवसातून वीस वेळा तरी मशीन बदलते अशी माझी खात्री होती. रेघा निघाल्या पाच, आणि त्यातल्या तीन नुसता एक निरोप बघायला, जो मी मोबाइलवर बघू शकले असते.

तुमच्या कागदावर रेघा एका वेळी आणि फुल्या दुसऱ्या वेळी पडल्या, म्हणजे तुम्ही दिवसा आणि ते रात्री असं काही, तर काहीच विकत घेऊ नका. वर सांगितलेली मांडणी पुरेल. त्या एकाच तासांवर पडल्या तर जगातला कुठलाही स्विच तुम्हाला मदत करणार नाही. स्विच एका माणसाच्या अनेक मशीनसाठी असतो. दोन माणसांना एका खुर्चीत बसवायची सोय त्यात नाही. तेव्हा बरोबर तुम्ही, मॉनिटर घ्या. पण आधी तो ठेवायला दुसरं टेबल बघा, आणि मॅकबुकची केबल तिकडे न्या.